नौबत: मानाची आणि पाळीची

मराठीत ‘नौबत’ हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. देवळाच्या महाद्वारावर झडते ती नौबत, आणि ‘घर विकण्याची नौबत आली’ असे आपण म्हणतो तीही नौबतच. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘पाळी’ असा आहे. प्रहराप्रहरास ठरल्या पाळीने नगारे व शिंगे वाजवावयाची, म्हणून त्या वादनास हे नाव पडले. आणि माणसावर जी अवघड पाळी येते तिलाही तेच नाव चिकटले. नगारा आणि शिंग या जोडीचा इतिहास पाहू लागले म्हणजे मात्र एक वेगळाच प्रश्न पुढे उभा राहतो. ही वाद्ये वाजविण्याची पाळी कोणाची? बीदर आणि कलबुर्गी या आमच्या सीमाभागाने या प्रश्नाचे एक उत्तर फार जुन्या काळी दिले आहे, आणि त्याच्या अगदी उलट उत्तर गेल्या शंभर वर्षांत सातासमुद्रांपलीकडे मिळाले आहे. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

बहमनी राज्याची राजधानी कलबुर्गीस होती तेव्हा महंमदशहा पहिला (१३५८ ते १३७५) याने राजवाड्यावर दिवसातून पाच वेळा नौबत झडविण्याचा प्रघात घातला, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजधानी बीदरला गेली. त्याच शतकाच्या आठव्या दशकाच्या आगेमागे, महमूद गवान वजिरीवर असताना, अफनासी निकितिन नावाचा रशियातील त्वेर नगरीचा व्यापारी बीदरात येऊन राहिला. सणाच्या दिवशी सुलतानाची स्वारी कशी निघाली, याचे वर्णन त्याने आपल्या प्रवासवृत्तात केले आहे. पोलादी चिलखते घातलेले तीनशे हत्ती, सोन्याच्या साजाचे हजार घोडे, नगारे लादलेले शंभर उंट आणि तीनशे तुतारीवाले! विशेष हे, की त्या रशियन माणसाने आपल्या भाषेत लिहितानाही वाद्याचे नाव ‘नगारा’ असेच ठेवले आहे. आकड्यांत प्रवाशाची थोडी अतिशयोक्ती धरली, तरी एवढा वाद्यमेळा त्याने स्वतःच्या देशात पाहिला नसावा, हे त्याच्या नोंदीवरून उघड दिसते.

हा वाद्यमेळा करमणुकीचा नव्हता. ते सत्तेचे चिन्ह होते. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही नक्कारखान्याची यादीच दिली आहे. दमाम्यांच्या अठरा जोड्या, नगाऱ्यांच्या वीस, शिवाय ढोल, कर्णे, सुरनया, नफीर, शिंगे आणि झांजा. कर्णे वाजावयाचे तर चारांहून कमी नाहीत, असा दंडक होता. नौबत वाजविण्याचा अधिकार बादशहाकडून सरदारास मिळावयाचा. हैदराबादच्या निजामशाहीतही उमरावांना पदव्यांबरोबर ‘अलम व नक्कारा’, म्हणजे निशाण आणि नगारा, बहाल होत असे. आम्हा वकिलांच्या परिभाषेत सांगावयाचे तर ध्वनी हीसुद्धा सनदेने देता-घेता येणारी वस्तू होती. सनद नसलेल्याने दारावर नगारा ठेवणे हा नुसता गोंगाट नव्हे, अधिक्षेप ठरावयाचा. देवळांना नगारखाने आले ते याच कल्पनेतून. देव हा राजाधिराज, तेव्हा त्याच्या द्वारी नौबत हवीच. गोव्यात श्रीमंगेशाच्या देवळाचा नगारखाना आमच्या कोंकणी वाचकांच्या नित्याच्या परिचयाचा आहे.

हाच नगारा धर्मयुद्धांच्या काळात पश्चिमेकडेही गेला. मध्ययुगीन इंग्रजीत त्याचे ‘नेकर’ झाले, फ्रेंचांत ‘नाकेर’. तेथेही तो मानाचा ठरला. १६२३ साली सम्राट दुसरा फर्डिनंड याने तुतारीवाले आणि नगारेवाले यांच्या संघास खास सनद दिली, आणि त्या संघाबाहेरच्या माणसास ही वाद्ये वाजविणे दुरापास्त झाले. अठराव्या शतकात तुर्कांच्या लष्करी वाद्यमेळ्याचे अनुकरण करून युरोपीय फौजांनी मोठा ढोल व झांजा उचलल्या. त्याच शतकात शिकाऱ्यांच्या शिंगापासून लष्करी बिगुल तयार झाला, आणि कंपनीच्या पलटणींबरोबर तो आपल्याकडे आला. बेळगावी हे ज्यांचे ठाणे, त्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बोधचिन्हावर आजही बिगुल आहे. पलटणीतला बिगुल म्हणजे हुकूमच. उठा, जेवा, हल्ला करा, माघार घ्या, हे सर्व त्याच्या पाच स्वरांत. चुकीचा स्वर निघाला तर शिक्षा. बरोबर निघाला तर शाबासकी नाही. मानाची वाद्ये हुकमाची झाली, एवढाच काय तो फरक.

उलट उत्तर मिळाले ते अमेरिकेत, आणि तेही काहीसे योगायोगाने. पहिले महायुद्ध संपले, सैनिक घरी परतले, आणि फौजेला नकोसे झालेले बिगुल व ढोल स्वस्तात मिळू लागले. १९१९ साली ‘अमेरिकन लीजन’ ही माजी सैनिकांची संघटना निघाली. तिच्या गावोगावच्या शाखांनी ढोल-बिगुलांची पथके उभारली, आणि १९२१ पासून तिच्या वार्षिक अधिवेशनात या पथकांचे राष्ट्रीय सामने होऊ लागले. पाहता पाहता शहरांतील चर्चांनी आणि मुलांच्या मंडळांनीही आपापली पथके काढली. ज्या वाद्यांसाठी एके काळी सम्राटाची सनद लागत होती, ती आता कामगार वस्तीतील पोराच्या हाती आली. सनदेची जागा सामन्याच्या नियमावलीने घेतली.

ही नियमावली मोठी मौजेची होती. प्रत्येक पथकास शंभर गुण आधीच दिलेले असत. पंच हातात कागद घेऊन वादकांच्या रांगांमधून हिंडत आणि कानावर पडलेल्या प्रत्येक चुकीस एक दशांश गुण वजा करीत. वादनापूर्वी गणवेषाची तपासणी होई. जोडा चकाकत नसला तरी गुण कापले जात. राष्ट्रध्वज जमिनीस लागणे हा मोठा अपराध. नेमल्या वेळेपेक्षा कमी वाजविले तरी दंड, जास्त वाजविले तरी दंड. निर्दोषत्व गृहीत धरून दोष सिद्ध करीत जाण्याची ही रीत कोणत्याही वकिलास ओळखीची वाटेल. ती १९८० नंतरच्या दशकात मोडली, आणि काय चुकले यापेक्षा काय साधले याचे मोजमाप सुरू झाले.

दुसरा झगडा वाद्याविषयीचा. साध्या बिगुलातून षड्ज, पंचम, तार षड्ज, तार गांधार आणि तार पंचम एवढेच स्वर सुखाने निघतात. ऋषभ-धैवतांची तेथे वार्ताच नाही. पथकांना पूर्ण गाणे वाजवावेसे वाटू लागले तेव्हा बिगुलास पिस्टनची एक कळ बसली, १९७७ च्या सुमारास दुसरी मान्य झाली, पुढे तिसरी. १९७१ साली पथकांनी माजी सैनिक संघटनांच्या नियमांस कंटाळून ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही स्वतःची संस्था काढली. तिचे पहिले विजेतेपद १९७२ साली विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे कॅलिफोर्नियाच्या ‘अनाहाइम किंग्समेन’ पथकाने जिंकले. २००० सालापासून कोणत्याही पट्टीची पितळी वाद्ये चालू लागली, आणि ज्याच्या नावाने ही पथके ओळखली जात तो बिगुल मैदानातून जवळजवळ दिसेनासा झाला. स्पर्धेने वाद्य घरोघर नेले आणि स्पर्धेनेच ते बदलून टाकले. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवल्या पाहिजेत.

आपल्याकडे चढाओढ नव्हती असे नाही. कुस्तीच्या फडात हलगी कडाडली नाही तर मल्लाच्या अंगात जोर येत नाही, आणि एका हलगीस दुसरीने जबाब देणे ही जत्रेतली जुनी रीत आहे. गोव्यात शिगम्याच्या मिरवणुकांत रोमटामेळांच्या स्पर्धा होतात. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थांनी ढोल-ताशांच्या पथकांना कवायतीची शिस्त लावली. पुढे मुलीही त्यांत बरोबरीने उतरल्या. अखिल भारतीय पोलीस बँड स्पर्धेत तर खास बिगुलवादनाचाही सामना असतो.

प्रश्न उरतो तो देवळांच्या नगारखान्यांचा. आमच्या भागात कित्येक देवळांतून आता आरतीस विजेवर चालणारे नगारा-घंटेचे यंत्र वाजते. कळ दाबली की ठोके सुरू. वेळ चुकत नाही, मानधन मागत नाही. विश्वस्तांस दोष देणे सोपे आहे. नगारा वाजविणाऱ्याचे घर पूर्वी सेवेबद्दल मिळालेल्या जमिनीवर चालत असे. ती व्यवस्था ढासळली आणि मुले पोटामागे सोलापूर-हैदराबादेस गेली. परंतु यंत्राला पाळी नसते. ज्या वादनाचे नावच ‘पाळी’ असे आहे, त्यातून माणसाची पाळी काढून टाकल्यावर उरते काय?

‘देवाची सेवा ही काय सामन्याची वस्तू आहे?’ असा आक्षेप येईल, आणि तो खराही आहे. अमेरिकेच्या बिगुलाचे जे झाले ते नगाऱ्याचे होऊ नये, म्हणून गाभाऱ्यासमोर सामना नको. सामना जत्रेच्या मैदानात असावा. आरतीच्या वेळी नुसती सेवा असावी. मैदानात मुले हात तयार करतील, आणि तयार हात देवळास मिळतील. सेवेची वाटणी कशी करावी, हे तर आपल्या परंपरेसच ठाऊक आहे. पुजाऱ्यांच्या घराण्यांत पूजेची पाळी वर्षा-महिन्यांनी लागते, आणि न्यायालयांनीही त्या पाळीस वाटून घेता येणारा हक्क मानले आहे. तीच पाळी नगाऱ्यास लावावी. आठवड्यातील एकेक वार एकेका आळीच्या मुलामुलींकडे द्यावा.

त्यात एक आळी विसरली जाऊ नये. पिढ्यान् पिढ्या हलगी वाजवीत पालखीपुढे चालणाऱ्या माणसांस त्याच पालखीबरोबर महाद्वाराच्या आत येता येत नव्हते. राज्यघटनेच्या १७व्या कलमाने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली. उंबरठ्याचा प्रश्न कायद्यापुरता सुटला. नगारखान्याच्या जिन्याचा सुटला की नाही, हे प्रत्येक देवळाच्या विश्वस्तांनी आपापल्या मनाशी पाहावे. आमच्या भागात तालाचा हात ज्यांच्या घरी सर्वांत पक्का, त्यांनाच नगारखान्यात पहिली पाळी मिळणे न्यायाचे होईल.

बीदरच्या सुलतानाची नौबत त्याच्या एकट्याच्या मानाची होती, आणि ती त्याच्या राज्याबरोबर बंद पडली. देवाची नौबत बंद पडण्याचे कारण नाही. वाजविणारे हात मात्र आपल्यालाच पुढे आणावे लागतील.