अखेरच्या इच्छेचा कागद : थेऊर ते साष्टी

जुन्या दफ्तरांत मृत्युपत्रें, दानपत्रें व वाटणीपत्रें यांची वाण नाहीं. आपल्या पश्चात् काय व्हावें हें लिहून ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. थोरल्या माधवरावांनीं १७७२ सालीं थेऊर मुक्कामीं क्षयाच्या दुखण्यांत नऊ कलमांची याद करविली. कर्जाची फेड हा तींतील एक मुख्य विषय. ता. १८ नोव्हेंबर रोजीं त्यांचा अंत झाला. ही याद अभ्यासकांस परिचितच आहे. परंतु अशा कागदांचा रोख बहुधा मरणानंतरच्या व्यवस्थेकडे असतो. अखेरचे दिवस कसे जावे, उपचार कोठें थांबावे, हा प्रश्न त्यांत सहसा येत नाहीं. कारण वैद्यानें हात टेकले म्हणजे गंगोदक व तुळशीपत्र एवढेंच उरत असे. यंत्रानें श्वास चालू ठेवितां येऊं लागल्यावर मात्र मरणापूर्वींच्या इच्छेचा कागद हा एक नवाच वर्ग जन्मास आला.

या वर्गाच्या इतिहासांत मुंबईचा वांटा मोठा आहे. सन्मानानें मरण्याच्या हक्कासाठीं मिनू मसानी यांनीं १९८१ सालीं येथें संस्था स्थापिली. पुढील वर्षीं, नोव्हेंबर १९८२ मध्यें, विनोबांनीं पवनार येथें अन्न व औषध वर्ज्य करून ता. १५ रोजीं देह ठेविला. त्यांची इच्छा त्यांच्याच तोंडची असल्यानें ती काय होती याविषयीं वाद उरला नाहीं. याच्या उलट उदाहरण परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानभाग यांचें. ता. २७ नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्यानंतर त्या शुद्धीवर अशा कधींच आल्या नाहींत. पिंकी विराणी यांनीं त्यांच्या वतीनें कृत्रिम पोषण थांबविण्याची मागणी केली. शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयीन मंडळींनीं ती अमान्य केली. ता. ७ मार्च २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दुसऱ्या पक्षाचें म्हणणें ग्राह्य धरिलें, तरी योग्य प्रसंगीं उपचार थांबविण्याची वाटहि उच्च न्यायालयाच्या संमतीनें मोकळी केली. अरुणाबाई ता. १८ मे २०१५ रोजीं वारल्या. दोन्ही पक्षांची माया खरी होती. उणीव होती ती मूळ कागदाची.

ती उणीव ता. ९ मार्च २०१८ च्या निर्णयानें भरून निघाली. शुद्धींत असलेल्या सज्ञान मनुष्यास, बरें होण्याची आशा नसतां कोणते उपचार नकोत, हें आगाऊ लिहून ठेवितां येतें. मात्र प्राण घेण्याची मुभा हा कागद देत नाहीं. प्रथम त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. ती अट अवघड ठरल्यानें ता. २४ जानेवारी २०२३ रोजीं सुधारणा झाली. आतां दोन साक्षीदार व नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. आपल्या वतीनें बोलणाऱ्यांचीं नांवें त्यांत द्यावीं लागतात, आणि प्रत्यक्ष वेळ आल्यास डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमति लागते. जुन्या भाषेंत सांगावयाचें तर याद, साक्ष व मोर्तब हीं तिन्ही अंगें येथें आहेत.

राहिलें दफ्तर. प्रत स्थानिक संस्थेच्या अधिकाऱ्यानें जपावी असा नियम झाला, पण अधिकारी नेमलेले नव्हते. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनीं हा प्रश्न उच्च न्यायालयांत नेला; पुढें महानगरपालिकेनें आपल्या २४ विभागांतील आरोग्य अधिकाऱ्यांकडे हें काम सोंपविलें. थेऊरची याद झाली त्या सालीं साष्टी पेशव्यांच्याच अमलांत होती. आज त्याच साष्टींतील अंधेरीकरानें के-पूर्व वा के-पश्चिम, बोरिवलीकरानें आर-मध्य, घाटकोपरकरानें एन व मुलुंडकरानें टी विभागाची कचेरी गांठावयाची आहे.

तथापि कागद हा संभाषणाचा पुरावा होय, संभाषणाचा पर्याय नव्हे. उपनगरांतील वृद्धाश्रमांत आई, मुलुंडला मुलगी व परदेशीं मुलगा, अशी स्थिति आतां विरळ नाहीं. नळीनें अन्न चालेल काय, श्वासयंत्र लावावें काय, शेवट रुग्णालयांत व्हावा कीं आपल्या खाटेवर, आणि मुलांचें एकमत न झाल्यास कोणाचा शब्द चालावा, हें आईस कोणी विचारीत नाहीं. विचारणें अशुभ वाटतें. मग तोच प्रश्न अतिदक्षता विभागाच्या दारांत, मध्यरात्रीं, मुलांस विचारला जातो, आणि दिलेल्या उत्तराचें ओझें त्यांस जन्मभर वाहावें लागतें.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, परक्यांच्या यादी जपतांना आपल्या घरची याद राहून जाऊं देऊं नये. कागद कुलुपांत ठेवून किल्ली कोणास ठाऊक नसणें म्हणजे काय, हें आपणांस इतरांहून अधिक कळतें. मूळ प्रत हातीं लागावी अशी ठेवावी, नक्कल घरच्या डॉक्टरांस व नेमलेल्या माणसांस द्यावी, मन बदलल्यास नवीन लिहावी. आणि लिहिण्यापूर्वीं घरच्यांस जवळ बसवून ती मोठ्यानें वाचून दाखवावी.