‘होलिस्टिक’ : एका संज्ञेची कुळकथा

मराठी समीक्षेत ‘होलिस्टिक’ या संज्ञेसाठी ‘समग्र’, ‘सर्वांगीण’, ‘साकल्यवादी’ असे पर्याय योजले जातात. ते समानार्थी मानले गेल्याने मूळ संज्ञेतील एक ताण मात्र दृष्टीआड होतो.

‘होलिझम’ आणि ‘होलिस्टिक’ हे शब्द दक्षिण आफ्रिकेचे सेनानी व राजकारणी यान ख्रिस्तियान स्मट्स यांनी ‘होलिझम अँड इव्होल्यूशन’ (१९२६) या ग्रंथात घडवले. १९२४ च्या निवडणुकीत सत्ता गेल्यानंतर त्यांनी तो लिहिला. संज्ञेचा धातू ग्रीक ‘होलोस’. इंग्रजी ‘होल’शी त्याचे साम्य केवळ ध्वनीचे आहे, ‘होल’चे कूळ ‘हील’ आणि ‘हेल्थ’ यांचे, तर ‘होलोस’चा सगोत्र शब्द संस्कृत ‘सर्व’ हा होय. आरोग्याच्या क्षेत्रात या संज्ञेला लाभलेली लोकप्रियता व्युत्पत्तीने समर्थित होत नाही, ती अशी.

कल्पना अर्थातच जुनी आहे. शोकात्मिका ही आदि, मध्य व अंत असलेली पूर्णाकृती होय, हे ॲरिस्टॉटलने सांगितले होते. अवयवी हा अवयवांहून भिन्न आहे, असे न्यायदर्शनही मानते. स्मट्स यांनी या कल्पनेला उत्क्रांतीची गती दिली. जडद्रव्य, जीव, मन आणि व्यक्तिमत्त्व अशा चढत्या श्रेणीने निसर्ग पूर्णाकृती घडवत जातो आणि पूर्णाकृतीत सामावलेला अवयव स्वतःही पालटतो, हे त्यांचे प्रतिपादन. त्याचे बीज साहित्याभ्यासात होते, हे समीक्षेने विशेष लक्षात घ्यावे. १८९४-९५ मध्ये स्मट्स यांनी वॉल्ट व्हिटमनच्या व्यक्तिमत्त्वविकासावर प्रबंध लिहिला. तो मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला.

परंतु पूर्णाची सीमा कोण आखतो? ज्या दक्षिण आफ्रिकी संघराज्याच्या उभारणीत स्मट्स यांचा प्रमुख वाटा होता, त्यात बहुसंख्य कृष्णवर्णीयांना समान मताधिकार नव्हता. १९२९ च्या ऑक्सफर्ड व्याख्यानांत त्यांनी वांशिक विलगीकरणाचे समर्थन केले. चढत्या श्रेणीचे तत्त्वज्ञान आणि श्रेणीबद्ध समाजाचे राजकारण एकाच लेखणीतून उतरले, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. विज्ञानातही प्रतिवाद झाला. स्मट्सप्रणीत विचार वनस्पतिसमूहांना लावणाऱ्या जॉन फिलिप्स यांना उत्तर देतानाच आर्थर टॅन्सली यांनी १९३५ मध्ये ‘इकोसिस्टिम’ ही पर्यायी संज्ञा मांडली.

मराठीत ‘समग्र वाङ्मय’ म्हणजे एका लेखकाचे सारे लेखन एकत्र बांधणे. तेथे ‘समग्र’ हा बेरजेचा निर्देश करतो. ‘होलिस्टिक’ नेमकी तीच बेरीज नाकारते. म्हणून लेखकाविषयीची सारी माहिती गोळा करणारी समीक्षा समग्र असू शकते, पण तेवढ्याने ती साकल्यवादी होत नाही. उलट, साकल्याचा दावा करणाऱ्या समीक्षेवर एक अधिकची जबाबदारी येते : कलाकृतीची एकात्मता सिद्ध करताना तिच्यातील कोणता विसंवादी स्वर आपण गौण ठरवला, याचा हिशेब तिने द्यायला हवा. जी एकात्मता असा हिशेब देत नाही, ती कलाकृतीत सापडलेली नसते. ती तिच्यावर लादलेली असते.