पाच नावे, पाच गावे

बेचाळीसचा लढा म्हटला की मराठी वाचकाला गवालिया टँक आठवतो, साताऱ्याचे प्रतिसरकार आठवते, नंदुरबारचा शिरीषकुमार आठवतो. पालघर सहसा आठवत नाही. वास्तविक चिमूर-आष्टीचा उठाव १६ ऑगस्टचा, नंदुरबारचा गोळीबार ९ सप्टेंबरचा. त्यांच्याही आधी, शुक्रवार, १४ ऑगस्ट १९४२ रोजी, पालघरला कचेरीवर निघालेल्या मोर्च्यावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच जण हुतात्मा झाले. ‘छोडो भारत’चा ठराव होऊन तेव्हा जेमतेम सहा दिवस झाले होते.

आज पालघरला हुतात्मा स्तंभ आहे. दर वर्षी १४ ऑगस्टला तेथे लोक जमतात, पुष्पचक्रे वाहिली जातात. आसपासच्या शाळा-महाविद्यालयांच्या सहलीही येतात. बोईसर-तारापूरकडची मुले गाडीने येतात, स्तंभाभोवती उभी राहतात, नावे वाचतात, छायाचित्र काढतात आणि परततात. आम्ही मराठीचे अध्यापकही अशा सहली नेत आलो आहोत. त्या अनुभवातून एकच प्रश्न येथे मांडावासा वाटतो : ही पाच नावे नेमकी कशी वाचायची?

काशिनाथ पागधरे सातपाटीचे, गोविंद ठाकूर नांदगावचे, रामचंद्र चुरी मुरब्याचे, सुकुर मोरे सालवडचे आणि रामप्रसाद तिवारी पालघरचे. नावांपुढची गावे वाचल्याशिवाय त्या दिवसाचा इतिहास उलगडत नाही. पाचांतले चौघे पालघरचे नव्हतेच. सातपाटी समुद्रकाठी, मुरबे तिच्या खाडीपलीकडे, नांदगाव आणि सालवड आणखी उत्तरेला बोईसर-तारापूरच्या बाजूला. ऐन श्रावणात, पावसापाण्याचे, खाडी आणि चिखल ओलांडून ही गावे कचेरीच्या दिशेने निघाली होती. आडनावेही बोलकी आहेत. पागधरे या आडनावात कोळ्याचे पाग, म्हणजे फेकून मारायचे जाळे, दडलेले आहे. तिवारी हे आडनाव उत्तर हिंदुस्थानातले. मृत्यूने त्यांना एका दगडावर आणले हे खरे; पण त्याआधी एका रस्त्यावर त्यांना चळवळीने आणले होते.

गांधीजींसह सारे पुढारी ९ ऑगस्टच्या पहाटेच पकडले गेले होते. तेव्हा वरून हुकूम येण्याची सोय नव्हती. मग इतकी गावे एका दिवशी एका ठिकाणी कशी पोचली? उत्तर आधीच्या बारा वर्षांत शोधावे लागते. मिठागरांच्या या किनाऱ्याला १९३० चा मिठाचा कायदेभंग कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. मुंबईची बातमी रेल्वेने येत होती आणि स्टेशनावरून बाजारहाटाच्या वाटांनी गावोगाव जात होती. बेचाळीसला ‘उत्स्फूर्त’ म्हणताना ही तयारी आपण नकळत पुसून टाकतो आणि सामान्य माणसाच्या विचाराचे श्रेय क्षणिक आवेशाला देऊन मोकळे होतो.

दरम्यान गावेही बदलली. १९६९ साली तारापूरला अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत आली, आणि सालवड हे नाव आज अनेकांना कारखान्यांच्या परिसराचे म्हणूनच ठाऊक असते. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्याचे ठिकाण झाले. कचेऱ्या वाढल्या, त्यांच्याकडे अर्ज घेऊन येणारी माणसे मात्र त्याच गावांतून येतात. सुकुर मोरे ज्या गावाहून निघाले त्याच गावच्या विद्यार्थ्याला ते नाव प्रथम पालघरच्या दगडावर भेटावे, यात आपल्या इतिहासशिक्षणाचे अपयश आहे.

म्हणून सहलीची दिशाच उलटी करावी असे आम्हांला वाटते. स्तंभापासून आरंभ न करता नांदगाव, सालवड, मुरबे, सातपाटी अशा क्रमाने यावे; प्रत्येक गावी त्या एका माणसाविषयी म्हाताऱ्याकोताऱ्यांना काय आठवते ते मुलांनी विचारावे, लिहून घ्यावे; आणि शेवटी पालघरला पोचावे. मोर्चा याच दिशेने आला होता. स्तंभ उभा आहे तो रस्ता संपला त्या गावी. इतिहास घडला तो त्या रस्त्यावर पाऊल टाकण्याचे ठरवताना, आणि ते ठरले होते गावागावांत.