जॉश गिब्सनचं कार्ड: डेटाबेसमध्ये नाही, म्हणून मैदानात नाही?

आजचा एपिसोड बेसबॉलवर आहे. थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका. बेसबॉलचे नियम येत नसतील तरी चालेल, लागतील तेवढे मी वाटेत सांगतो. गोष्ट खरं तर एका गेमची आहे. असा गेम, ज्यात तुम्ही बॅट हातात घेत नाही, तुम्ही मॅनेजर असता. एक जुनं वर्ष निवडायचं, त्या वर्षातली एक खरी टीम घ्यायची आणि अख्खा सीझन आपल्या डोक्याने चालवायचा. कोण आधी खेळणार, कोणाला विश्रांती, पिचर कधी बदलायचा, सगळं तुमच्यावर.

माझी टीम आहे होमस्टेड ग्रेज. वर्ष १९४३. आणि आजचा प्रश्न असा: ही टीम या गेम्समध्ये यायला इतकी वर्षं का लागली?

आधी गेम कसा चालतो ते बघू

शाळेत बुक क्रिकेट खेळला असाल ना? पुस्तक उघडायचं, पान नंबरचा शेवटचा आकडा म्हणजे रन. मजा यायची, पण त्यात एक मोठी गोची होती. सचिन बॅटिंगला असो की अकरा नंबरचा बोलर, पुस्तकाला काही फरक पडत नाही. दोघांना सहा मिळण्याची शक्यता सारखीच.

ही गोची अमेरिकेत हॅल रिचमन नावाच्या माणसाने बेसबॉलपुरती सोडवली. त्याने १९६१ मध्ये ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ नावाचा गेम विकायला काढला. यात प्रत्येक खऱ्या खेळाडूचं स्वतःचं कार्ड असतं. तीन फासे टाकायचे. पहिला फासा सांगतो कुठलं कार्ड बघायचं: १ ते ३ आलं तर बॅटरचं, ४ ते ६ आलं तर पिचरचं. उरलेल्या दोन फाशांची बेरीज करायची आणि त्या आकड्यासमोर काय लिहिलंय ते वाचायचं. दोन फाशांची बेरीज ७ येण्याची शक्यता ३६ मध्ये ६, आणि २ येण्याची ३६ मध्ये फक्त १. म्हणजे चांगल्या बॅटरच्या कार्डावर ७ समोर ‘हिट’ लिहिलं की काम झालं. शेकडो वेळा फासे टाकले की तो खेळाडू जवळजवळ तसाच खेळतो, जसा तो त्या वर्षी खरा खेळला होता.

बेसबॉलला हे इतकं छान लागू पडतं, कारण हा खेळ तुकड्यातुकड्यांत होतो. एक पिचर, एक बॅटर, एक निकाल. मग पुढचा बॅटर. प्रत्येक निकाल नोंदवता येतो, मोजता येतो. पुढे हेच काम कॉम्प्युटरकडे गेलं. मार्कुस हाइनसन या जर्मन प्रोग्रॅमरने ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ आणला. फाशांच्या जागी रँडम नंबर आले, कार्डाच्या जागी डेटाबेस आला. पण आतलं तत्त्व तेच राहिलं: खेळाडू म्हणजे त्याच्या आकड्यांची एक ओळ.

आता इथेच खरा मुद्दा येतो. ज्याची ओळ नाही, तो खेळाडूच नाही.

ज्यांची ओळच लिहिली नाही

अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगमध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून १९४७ पर्यंत कृष्णवर्णीय खेळाडूंना जागा नव्हती. गंमत म्हणजे तसा छापील नियम कुठे नव्हता. मालकांमधली ती आपसातली समजूत होती, आणि ती साठ वर्षांच्या आसपास टिकली.

मग या खेळाडूंनी स्वतःच्या लीग उभ्या केल्या. १९२० मध्ये कॅन्सस सिटीत रूब फॉस्टर आणि इतर टीममालकांनी मिळून निग्रो नॅशनल लीग स्थापन केली. (‘निग्रो’ हा शब्द आज अपमानास्पद आहे. पण या लीगचं त्या काळचं अधिकृत नाव तेच होतं, म्हणून फक्त नाव म्हणून वापरतोय.)

होमस्टेड हे पिट्सबर्गजवळचं पोलाद कारखान्यांचं गाव. तिथली टीम ग्रेज, आणि तिला मोठं करणारा माणूस कंबरलँड पोझी. ग्रेज पिट्सबर्गच्या फोर्ब्ज फील्डवर खेळायचे आणि राजधानी वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियमवरही. ही दोन्ही मैदानं मेजर लीगच्या गोऱ्या टीम्सची. त्या टीम्स बाहेरगावी गेल्या की ग्रेजना मैदान भाड्याने मिळायचं. विचार करा, मैदानाच्या मालकाला यांचं भाडं चालत होतं, यांची गर्दी चालत होती. फक्त यातला एखादा खेळाडू आपल्या टीममध्ये घेणं चालत नव्हतं.

आणि ग्रेजकडे कोण होतं? पहिल्या बेसवर बक लेनर्ड. आउटफील्डला कूल पापा बेल, ज्याच्या वेगाचे किस्से आजही सांगतात. पिचिंगला रे ब्राउन. आणि स्टम्पमागे, सॉरी, क्रिकेटची सवय, होम प्लेटमागे कॅचर जॉश गिब्सन.

गिब्सन आणि १९४३

गिब्सन जन्मला १९११ मध्ये जॉर्जिया राज्यात. कॅचर हे बेसबॉलमधलं सगळ्यात मरणाचं काम. पूर्ण सामनाभर उकिडवं बसायचं, प्रत्येक बॉल पकडायचा, बोटं मोडून घ्यायची. बहुतेक कॅचर बॅटिंगमध्ये जेमतेम असतात आणि टीम ते चालवून घेते. गिब्सन मात्र त्याच्या काळातला सगळ्यात धोकादायक बॅटर होता.

१९४३ च्या सुरुवातीलाच तो कोसळला आणि हॉस्पिटलमध्ये बेशुद्ध होता. त्याच्या चरित्रांमध्ये मेंदूतल्या गाठीचा उल्लेख येतो. आणि त्याच वर्षी त्याने सरासरी काढली .४६६. बेसबॉलची सरासरी म्हणजे दर हजार संधींमागे किती हिट. .३०० आली तरी तुम्ही स्टार. निग्रो लीग सोडल्या तर मेजर लीगमध्ये .४०० च्या वर सीझन संपवणारा शेवटचा माणूस टेड विल्यम्स, १९४१ साली, .४०६.

त्या वर्षी ग्रेजनी बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सना हरवून निग्रो वर्ल्ड सिरीज जिंकली. न्यूयॉर्क यँकीज १९४३ ची ‘खरी’ वर्ल्ड सिरीज जिंकले, ते सगळ्या पुस्तकांत आलं. ग्रेजचं आलं ते मुख्यतः पिट्सबर्ग कुरियर, शिकागो डिफेंडर अशा कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांत.

आता आपल्यातल्या आकडेवाल्यांचा प्रश्न. .४६६ कितपत खरं मानायचं? मी पण आधी हेच विचारलं. गिब्सनच्या त्या सीझनच्या नोंदल्या गेलेल्या संधी अडीचशेच्या आसपास आहेत. मेजर लीगचा सीझन तेव्हा १५४ सामन्यांचा, रोज खेळणाऱ्या बॅटरला साडेपाचशे संधी सहज मिळायच्या. संधी कमी म्हणजे नशिबाचा हात मोठा. साधं गणित करून बघा: गिब्सनची कारकिर्दीतली सरासरी .३७२ आहे. असा बॅटर २५० संधींमध्ये नुसत्या नशिबाने साधारण ३० अंकांनी वर-खाली होईल. .४६६ हे तब्बल ९४ अंक वर आहे, म्हणजे तिप्पट. केवळ नशिबाने असं वर्ष फार क्वचित येईल. दुसरं कोणी म्हणेल, युद्धामुळे चांगले पिचर सैन्यात गेले होते. बरोबर आहे. पण ही कारणं दोन्हीकडे लागू होतात. १९४३ मध्ये टेड विल्यम्स आणि जो डिमॅजिओ पण सैन्यातच होते, आणि त्या वर्षीचे मेजर लीगचे रेकॉर्ड कोणी पुस्तकातून काढून टाकलेले नाहीत.

नल आणि शून्य

कोडिंग करणाऱ्यांना हा फरक पहिल्या वर्षीच शिकवतात. शून्य म्हणजे मोजलं आणि काही नव्हतं. नल म्हणजे मोजलंच नाही. नलला शून्य समजून बेरीज केली की प्रोग्रॅम चालतो, एररही येत नाही, फक्त उत्तर चुकीचं येतं.

बेसबॉलच्या इतिहासात नेमकं हेच झालं. १९६८-६९ मध्ये एक खास समिती बसली. कुठल्या लीग ‘मेजर’ मानायच्या हे तिने ठरवायचं होतं. तिने सहा लीग निवडल्या. त्यात एकोणिसाव्या शतकातल्या अल्पायुषी लीगही होत्या. निग्रो लीग एकही नव्हती. त्याच १९६९ मध्ये मॅकमिलनचा जाडजूड बेसबॉल एन्सायक्लोपीडिया आला, जो कॉम्प्युटरच्या मदतीने तयार झाला होता. पुढचे डेटाबेस त्याच चौकटीत वाढले. १९९० च्या दशकात शॉन लाहमन यांनी आपला डेटाबेस इंटरनेटवर मोफत दिला आणि त्यावर कितीतरी गेम्स चालले. फार मोलाचं काम. पण चौकट जुनीच होती, त्यामुळे अनेक वर्षं तुम्ही गेममध्ये १९४३ उघडलं की गिब्सन नसायचाच. वाईट खेळाडू म्हणून नाही, नुसताच नाही.

मग ही ओळ भरली कोणी? बॉक्स स्कोर म्हणजे सामन्याचं वर्तमानपत्रातलं छोटं स्कोअरकार्ड. लोकांनी लायब्ररीत बसून मायक्रोफिल्मवर जुनी वर्तमानपत्रं चाळली आणि एकेक बॉक्स स्कोर उतरवला. कधी पिचरचं नाव गायब, कधी फक्त आडनाव, कधी पान फाटलेलं. १९७० मध्ये रॉबर्ट पीटरसन यांच्या ‘ओन्ली द बॉल वॉज व्हाइट’ या पुस्तकाने वाट मोकळी केली. २०११ मध्ये गॅरी अ‍ॅशविल आणि सहकाऱ्यांचा सीमहेड्स हा निग्रो लीगचा डेटाबेस खुला झाला. आणि त्याच्याही आधी, २००९ मध्ये, स्ट्रॅट-ओ-मॅटिकने स्कॉट सिमकस यांच्या संशोधनावर निग्रो लीगच्या शंभरावर खेळाडूंचा संच काढला. म्हणजे बघा, फाशांच्या गेममध्ये गिब्सनला कार्ड मिळालं, तेव्हा अधिकृत रेकॉर्डबुकात त्याला अजून जागा नव्हती.

अधिकृत मान्यता डिसेंबर २०२० मध्ये आली: १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीग मेजर मानल्या गेल्या. मे २०२४ मध्ये आकडे प्रत्यक्ष जोडले गेले. गिब्सनची .३७२ ही कारकिर्दीची सरासरी टाय कॉबच्या .३६७ च्या वर गेली. एका सीझनचा विक्रमही त्याच्या नावावर आला. याआधी तो १८९४ पासून ह्यू डफीच्या .४४० चा होता. आणि विली मेज? १९४८ मध्ये पोरसवदा असताना तो बर्मिंगहॅमकडून खेळला होता. तिथले १० हिट जोडून त्याचा आकडा ३,२९३ झाला. पुढच्याच महिन्यात तो गेला. जिवंतपणी हे बघायला मिळालेल्या अगदी थोड्यांपैकी तो एक.

गेमला काय कळत नाही

आता माझ्या ग्रेजकडे येतो. मॅनेजर म्हणून माझी रोजची डोकेदुखी एकच: आज गिब्सनला कॅचर ठेवू का विश्रांती देऊ? गेममध्ये थकवा हा एक आकडा आहे. विश्रांती दिली की भरून येतो. ग्रिफिथ स्टेडियमची डावी बाजू चारशे फुटांच्या पुढे, उजव्या हाताच्या बॅटरला तिथे होम रन मारणं अवघड. हे गेमला नीट कळतं.

पण पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन बसमध्ये झोपून काढलेली रात्र गेमला कळत नाही. वाटेतल्या हॉटेलने खोली नाकारली, खानावळीने मागच्या दाराला यायला सांगितलं, हे कुठल्या कॉलममध्ये भरणार? लीगचे सामने सोडून गावोगावी पैशासाठी खेळलेले शेकडो सामने तर मोजलेच जात नाहीत. हॉल ऑफ फेममधल्या गिब्सनच्या फलकावर जवळजवळ ८०० होम रन लिहिलेत, अधिकृत लीगच्या नोंदींमध्ये ते दोनशेही भरत नाहीत. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. मोजण्याची चौकट वेगळी आहे.

या गेम्समध्ये अजून एक मोह असतो. एक सेटिंग बदललं की रंगाची भिंत गायब. १९४३ मध्ये गिब्सनला यँकीजमध्ये टाका, चालतंय. मीही टाकलाय. छान वाटतं, खोटं कशाला बोलू. पण दोन-तीन सीझननंतर जाणवतं की इतिहासातली सगळ्यात कठीण गोष्ट आपण एका क्लिकमध्ये उडवली. म्हणून मी परत ग्रेजवर आलो. त्या टीमला ‘काय झालं असतं’ची गरज नाही. त्यांनी जे केलं तेच पुरेसं मोठं आहे. आणि उलटही विचार करा: बेब रूथने लीगच्या एकाही सामन्यात सॅचेल पेजचा सामना केला नाही. म्हणजे अर्धवट रेकॉर्ड फक्त गिब्सनचं नाही, दोघांचंही आहे.

गिब्सन २० जानेवारी १९४७ ला गेला. वय ३५. त्याच वर्षी १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये उतरला. मध्ये तीन महिनेही नव्हते. पिट्सबर्गच्या अलेघेनी दफनभूमीत गिब्सनच्या थडग्यावर १९७५ पर्यंत नावाचा दगडसुद्धा नव्हता. १९७२ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं होतं, तरीही.

रॉबिन्सननंतर चांगले खेळाडू मोठ्या लीगकडे गेले, प्रेक्षकही त्यांच्यामागे गेले. काळ्या मालकांच्या टीम्सना बऱ्याचदा त्या खेळाडूंचे पैसेही मिळाले नाहीत. १९५० च्या सीझननंतर ग्रेज बंद पडले.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी कुठल्याही खेळाची ‘सर्वकालीन टॉप टेन’ यादी फोनवर आली, की फॉरवर्ड करण्याआधी एकच प्रश्न विचारा: यात कोण हरलंय, आणि कोणाला मोजलंच नाहीये? निग्रो लीगचे सगळे बॉक्स स्कोर अजून सापडलेले नाहीत. कोणीतरी आजही मायक्रोफिल्म फिरवत बसलंय, आणि गिब्सनचा आकडा उद्या थोडा वर-खाली होऊ शकतो. झाला तर मी माझा सीझन पुन्हा पहिल्यापासून सुरू करीन.