गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी: गावातच का हवी?

उजनी धरणाकाठी शेतमजुरी करणाऱ्या बाईला तपासणीसाठी शहर गाठायचे, तर दिवसाची मजुरी बुडते. त्यात काही दुखत नसताना तपासायचे कशाला, असेही वाटते. पण गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्याआधी तिथल्या पेशी अनेक वर्षे बदलत असतात. तेव्हाच उपचार झाले, तर कर्करोग टळू शकतो.

पुरावा काय?
शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वर्षांच्या सुमारे १ लाख ३१ हजार महिलांचा अभ्यास झाला. त्यात बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा मेमोरियल सहभागी होते. २००९ मध्ये निष्कर्ष आले. एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटापेक्षा जवळपास निम्मे होते.

तपासणी कशी होते?
सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर ‘व्हीआयए’ चाचणी मोफत होते. प्रशिक्षित परिचारिका गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावते आणि मिनिटभराने पाहते. पांढरा चट्टा दिसला म्हणजे कर्करोगच, असे नाही. मात्र पुढची तपासणी आवश्यक असते. ती चुकली, तर पहिल्या तपासणीचा उपयोग उरत नाही. म्हणून शिबिरासोबतच पुढच्या रुग्णालयापर्यंत पोहोचण्याची सोयही हवी.