दुर्बीण व आयपीस : हौशी आकाशनिरीक्षकांची साधने (जिवती परिसराच्या संदर्भात)

हौशी आकाशनिरीक्षकाच्या दुर्बिणीचे मुख्य भाग दोन. एक, प्रकाश गोळा करून प्रतिमा तयार करणारा आरसा किंवा वस्तुभिंग. दुसरा, ती प्रतिमा मोठी करून डोळ्यापर्यंत पोचवणारी नेत्रिका, म्हणजेच आयपीस. दुर्बीण बहुधा एकदाच घेतली जाते आणि पुढे दहा-पंधरा वर्षे टिकते. आयपीस मात्र एकेक करून जमत जातात, बदलले जातात, मंडळातल्या मित्राच्या आयपीसशी ताडून पाहिले जातात. या छंदातला मोठा आनंद या सुधारणेतच आहे. दुर्बीण कोणत्या आकाशाखाली उभी आहे यावर तिचे गुण-दोष ठरतात. म्हणून या नोंदीत चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्याचे अक्षांश, हवामान आणि काळोख डोळ्यांसमोर ठेवून ही साधने वर्णिली आहेत.

जिवतीचे आकाश : माणिकगड पहाडावरचा हा तालुका तेलंगणाच्या सीमेला लागून, सुमारे १९.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे ध्रुवतारा येथे क्षितिजापासून जेमतेम वीस अंशांवर दिसतो आणि दक्षिणेचे आकाश तितकेच उघडे पडते. अगस्त्य तारा याम्योत्तरावर असताना सुमारे १८ अंश उंच येतो. त्रिशंकूचा मध्य दहा अंशांपर्यंत वर चढतो. नरतुरंगातला ‘ओमेगा सेंटॉरी’ हा गोलाकार तारकागुच्छ २३ अंशांवर येतो. दिल्लीहून तो १४ अंशांवरच राहतो आणि लंडनहून कधीच उगवत नाही. युरोप-अमेरिकेत दुर्बिणीवर लाखो रुपये घालणाऱ्या कित्येकांना जे घरून पाहता येत नाही, ते जिवतीच्या माळावर सहा इंची आरशात दिसते.

उजेडाची दिशाही सोयीची आहे. गडचांदूर परिसरातले सिमेंट कारखाने, बल्लारपूरची कागद गिरणी, चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र हे सारे उत्तरेला व ईशान्येला. त्या बाजूच्या क्षितिजावर उजेडाची झाक राहते. दक्षिणेला आसिफाबादकडचे जंगल आणि डोंगर आहेत. काळोख किती हे सांगायला निरीक्षक बॉर्टल मापनश्रेणी वापरतात. जॉन बॉर्टल यांनी २००१मध्ये मांडलेल्या या श्रेणीत पहिली पायरी पूर्ण काळोखाची आणि नववी महानगराच्या मध्यवस्तीची. विदर्भातच, नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४च्या जानेवारीत भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. काळोख हीसुद्धा जंगलासारखीच राखायची संपत्ती आहे, हे त्यातून सरकारदरबारी नोंदले गेले.

या भागात आकाशाची ओळख दुर्बिणीच्या फार आधीपासून आहे. मयंक वाहिया, गणेश हलकारे व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोंड, कोलाम आणि बंजारा समाजांच्या आकाशज्ञानाचा अभ्यास करून २०१३ व २०१४मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केले. सप्तर्षींच्या चार ताऱ्यांची खाट आणि मागचे तीन चोर, मृगातला नांगर अशा आकृत्या येथे पिढ्यान्‌पिढ्या ओळखल्या जातात. दुर्बिणीने पाहणाऱ्यालाही आधी अशीच उघड्या डोळ्यांची ओळख लागते. ती नसेल तर दुर्बीण कुठे रोखायची हेच कळत नाही. २ एप्रिल २०२२च्या संध्याकाळी चिनी रॉकेटचे जळते अवशेष विदर्भाच्या आकाशातून गेले आणि त्यातले सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरीत पडले. ते दृश्यही लोकांनी पाहिले ते नुसत्या डोळ्यांनीच.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात आधुनिक दुर्बिणीचा इतिहास पुण्यापासून सुरू होतो. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तेथे वेधशाळा उभारली आणि तिच्यात ग्रब कंपनीची २० इंची परावर्तक दुर्बीण बसवली. १९१२मध्ये ही सामग्री कोडाईकनालला गेली. हौशींची संघटित चळवळ २२ ऑगस्ट १९४४ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेपासून धरतात. देशातली अशी ही सर्वांत जुनी संस्था. हॅलेच्या धूमकेतूच्या निमित्ताने १९८५मध्ये मुंबईत खगोल मंडळ सुरू झाले. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंशोधन संस्थेने पुढे आरसा घासण्याच्या कार्यशाळा घेऊन शाळा-महाविद्यालयांत दुर्बिणी पोचवल्या. चंद्रपुरात स्काय वॉच ग्रुप आणि प्रा. सुरेश चोपणे यांनी आकाशदर्शनाची गोडी लावली.

दुर्बीण : हौशींमध्ये आज सर्वांत रुळलेली रचना न्यूटनी परावर्तकाची आणि तीही ‘डॉब’ बैठकीवरची. जॉन डॉब्सन यांनी १९६०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत प्लायवूडची ही साधी बैठक लोकप्रिय केली. तिला मोटर नाही, स्क्रू नाहीत, हाताने ढकलायची. सहा इंची (१५० मिमी) आरसा काळोखात सरावलेल्या डोळ्याच्या सुमारे ४६० पट प्रकाश गोळा करतो आणि पाऊण विकलेइतक्या अंतरावरचे जोडतारे वेगळे दाखवतो.

असा आरसा हाताने घासता येतो, आणि ते काम एकदा तरी जवळून पाहावे. काचेच्या दोन जाड चकत्या घेतात. पिंपावर बसवलेली खालची ‘टूल’, वरची होणारा आरसा. मध्ये कार्बोरंडमची ओली पूड टाकून वरची चकती मागे-पुढे सरकवायची आणि पिंपाभोवती हळूहळू फिरत राहायचे. वरची चकती आपोआप मध्ये खोलगट होते, खालची फुगीर. पूड क्रमाक्रमाने बारीक करत गेले की घासण्याचा खरखर आवाज बदलत जातो आणि अनुभवी कारागीर नुसत्या आवाजावरून पुढच्या पुडीची वेळ ओळखतो. मग डांबरी राळेच्या थरावर सेरियम ऑक्साइडने पॉलिश. शेवटी १८५८ची फूकोची चाचणी: प्रकाशाचा बारीक ठिपका, एक ब्लेडचे पाते, आणि आरशावर उमटणाऱ्या सावल्या. पृष्ठभागाची चूक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एक-अष्टमांशाहून, म्हणजे सुमारे ७० नॅनोमीटरहून कमी असावी लागते. घरी, हाताने, पुडीने हे साधते. त्यानंतर ॲल्युमिनियमचा मुलामा चढवतात; काही वर्षांनी तो पुन्हा चढवावा लागतो.

आयपीस : वर्धन काढण्याचा हिशेब सोपा आहे: दुर्बिणीची नाभीय लांबी भागिले आयपीसची नाभीय लांबी. बाजारातल्या सहा इंची डॉबची नाभीय लांबी बहुधा १२०० मिमी असते आणि सोबत २५ व १० मिमीचे आयपीस मिळतात. म्हणजे ४८ पट आणि १२० पट. २ पटीचे बार्लो भिंग घेतले की त्याच दोन आयपीसमधून ९६ आणि २४० पटही मिळतात. पीटर बार्लो यांची ही १८३०च्या दशकातली युक्ती आजही नवख्याची सर्वांत स्वस्त सुधारणा आहे. वर्धनाला मर्यादा असते. आरशाच्या प्रत्येक मिलिमीटरला दोन पट, ही वरची सीमा. आणि हवा स्थिर असेल त्याच रात्री तिच्या जवळ जाता येते. खेळण्यांच्या दुकानातल्या ६० मिमी दुर्बिणीच्या खोक्यावर छापलेले ‘५२५ पट’ निव्वळ फसवे असते. तिची सीमा १२०.

आयपीसची वंशावळ मोठी आहे. ह्युजेन्स यांचा सतराव्या शतकातला, रॅम्सडेन यांचा अठराव्या शतकातला, केलनर यांचा १८४९चा, मग व्हिएन्नाच्या गेओर्ग प्ल्यॉसल यांचा १८६०चा आणि अबे यांचा १८८०चा ऑर्थोस्कोपिक. आज हौशींच्या पेटीत सर्वांत जास्त आढळतो तो प्ल्यॉसल: चार भिंगे, सुमारे ५० अंशांचे दृश्यक्षेत्र, कडेपर्यंत बऱ्यापैकी स्वच्छ प्रतिमा. त्याचा दोष एकच. नाभीय लांबी कमी होईल तसा डोळा भिंगाला चिकटवावा लागतो. १० मिमी प्ल्यॉसलमध्ये डोळा सुमारे सात मिलिमीटरवर आणावा लागतो आणि चष्मेवाल्याची पंचाईत होते. अमेरिकेतले अल नॅगलर यांनी १९८०च्या सुमारास ८२ अंशांचा आयपीस आणला, आणि २००७मध्ये त्यांच्या ‘टेलिव्ह्यू’ कंपनीने १०० अंशांचा ‘इथॉस’. तिथून हौशी निरीक्षणाची चव बदलली.

हा फरक जिवतीच्या दक्षिण आकाशात उत्तम कळतो. मेच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास ओमेगा सेंटॉरी दक्षिणेला सर्वांत उंच असतो. उघड्या डोळ्यांना तो अंधुक, किंचित पसरट तारा वाटतो. हॅले यांनी १६७७मध्ये सेंट हेलेना बेटावरून त्याची वेगळी नोंद केली. सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवर असलेल्या या गुच्छात जवळपास एक कोटी तारे आहेत. ४८ पटीत तो मोठा, गोल, रवाळ डाग दिसतो. कडेचे तारे सुटू लागतात, गाभा मात्र धूसर. १० मिमी प्ल्यॉसल लावून १२० पटीवर गेले की रवा फुटतो आणि गाभ्यापर्यंत तारे वेगळे होतात. पण आता दृश्यक्षेत्र २५ कलांचे, आणि गुच्छ त्याहून मोठा. चौकट ताऱ्यांनी भरते, आकार हरवतो. त्याच वर्धनाचा ८२ अंशांचा आयपीस लावला की क्षेत्र ४१ कलांचे होते. तारे सुटलेले आणि तरीही संपूर्ण गुच्छ काळ्या आकाशाच्या कडेसह एकाच नजरेत मावलेला. वर्धन तेच, आरसा तोच, रात्र तीच. पण आता आपण डाग नव्हे, ताऱ्यांचे एक गाव पाहतो आहोत हे पाहणाऱ्याला उमगते. शिवाय डॉबला मोटर नसल्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याने वस्तू चौकटीबाहेर सरकत राहते. विषुववृत्ताजवळचा तारा २५ कलांचे क्षेत्र १०० सेकंदांत ओलांडतो. रुंद आयपीसमध्ये तो जास्त वेळ टिकतो, म्हणजे दहा मुलांच्या रांगेत प्रत्येक वेळी दुर्बीण ढकलावी लागत नाही.

उलट कृत्तिकांसारखा सुमारे दोन अंशांचा पुंज आयपीसच्या सव्वा इंची नळीत बसतच नाही. १२०० मिमी दुर्बिणीवर सव्वा इंची आयपीस कमाल १.३ अंश दाखवतो. दोन इंची फोकसर (आयपीस बसवायची सरकती नळी) आणि दोन इंची आयपीस असेल तर २.२ अंश. म्हणून फोकसर बदलणे ही खऱ्या अर्थाने उपयोगी सुधारणा आहे.

सुधारणेचा क्रम : सहा इंची सोडून आठ इंची घ्यावी, हा पहिला मोह. प्रकाश पावणेदोन पटीने वाढतो हे खरे. पण आठ इंची डॉबची नाभीय लांबीही बहुधा १२०० मिमीच असते, तेव्हा जुने आयपीस तेवढेच वर्धन देतात. तिचा प्रकाशशंकू रुंद असल्याने स्वस्त आयपीसचे दोष कडेला जास्त दिसतात आणि आरशांचे संरेखन (कोलिमेशन) काटेकोर ठेवावे लागते. आधी रोख धरायला चांगला फाइंडर किंवा रेड डॉट, मग बार्लो, मग एक मध्यम वर्धनाचा रुंद आयपीस, आणि सर्वांत शेवटी मोठा आरसा, हा क्रम पैशाचा खरा मोबदला देतो. या सगळ्याहून मोठी सुधारणा म्हणजे आहे तीच दुर्बीण गाडीत घालून शहराबाहेर नेणे. नागपूर-चंद्रपूरच्या गच्चीवरची आठ इंची दुर्बीण जे आकाशगंगेचे तपशील दाखवत नाही, ते काळोखातली सहा इंची दाखवते. ग्रह आणि चंद्र याला अपवाद; ते शहरातूनही तितकेच चांगले दिसतात.

अलीकडे फोनवरून चालणाऱ्या, स्वतः फोटो साठवत जाणाऱ्या छोट्या ‘स्मार्ट’ दुर्बिणी आल्या आहेत. ५० मिमी भिंगातून त्या तेजोमेघांचे रंग दाखवतात. शाळेत पडद्यावर दाखवायला त्या उत्तम. पण आयपीसला डोळा लावून शनीची कडी प्रथम पाहणाऱ्याच्या तोंडून निघणारा उद्गार पडद्यासमोर ऐकू येत नाही.

देखभाल : विदर्भात आयपीसचा शत्रू पावसाळा. जून ते सप्टेंबर दमट हवेत भिंगांवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात आणि त्यांचे डाग कायमचे राहतात. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून आयपीस ठेवावेत आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून वाळवावे. भिंग शर्टाच्या टोकाने कधीही पुसू नये. उन्हाळ्याचे दुखणे वेगळे: मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तापलेली जमीन रात्रभर उष्णता सोडते आणि प्रतिमा उकळल्यासारखी हलते. दुर्बीण तासभर आधी बाहेर काढावी, फरशी-डांबर टाळून गवतावर मांडावी. ऑक्टोबर ते मार्च हा येथला सर्वोत्तम हंगाम. दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाशी बसवलेल्या प्रमाणित सौर फिल्टरशिवाय ती सूर्याकडे क्षणभरही वळवू नये. चंद्रपूर-गडचिरोलीत आणखी एक पथ्य: वाघ-बिबट्यांच्या या मुलखात निरीक्षणाची जागा जंगलाच्या कडेला न निवडता गावालगत, शाळेच्या पटांगणात निवडावी, गावकऱ्यांना सांगून, गटाने बसावे.

जुन्या दुर्बिणी : नवी दुर्बीण आली की जुनी माळ्यावर जाते. पण दुर्बीण योग्य हातांत पोचली तर काय होते याचे एक उदाहरण आहे. अविभाजित बंगालमधल्या जेसोरचे राधागोविंद चंद्र तीन इंची दुर्बिणीतून रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी करत. त्यांचे काम पाहून अमेरिकेच्या रूपविकारी तारे निरीक्षक संघटनेने १९२६मध्ये त्यांना सव्वासहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली. पुढे ती खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांच्याकडे आली आणि अखेर कावलूरच्या वेधशाळेत पोचली. महाराष्ट्रातल्या शहरांत माळ्यावर पडून असलेल्या सहा इंची डॉबना जिवती, कोरपना, भामरागड, एटापल्लीच्या आश्रमशाळांत असेच दुसरे आयुष्य मिळू शकते. ज्यांनी नवी दुर्बीण घेतली आहे त्यांनी जुनी विकण्याआधी या शाळांचा विचार करावा. तिच्यासोबत २५ मिमीचा एक चांगला प्ल्यॉसल, बार्लो आणि सिलिका जेलचा डबाही द्यावा, आणि पहिल्या रात्री ती मांडून द्यायला स्वतः जावे.