चारकोपचे 'कोप' कोणते?

कांदिवलीच्या पश्चिमेस, खाडीच्या अंगाला चारकोप नावाचे जुने गाव आहे. वर्गात हे नाव घेतले की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, देवाचा चार वेळा कोप झाला होता का?" हसू येते खरे; पण गावांच्या कितीतरी दंतकथा अशाच जन्मतात. मूळ अर्थ विसरला जातो, आणि कानाला जे लागते त्याची गोष्ट होते.

मी म्हणतो, आधी जमीन पाहावी. खोप म्हणजे गवताची झोपडी. खाजणातले शेत राखायचे तर माणूस खोप घालूनच राहणार. परक्या लिपीच्या दप्तरात 'खो'चा 'को' व्हायला कितीसा वेळ! कोणी म्हणेल, कोप म्हणजे कोपरा. ठाण्याची कोपरीही खाडीलगतच आहे. तेही चुकीचे म्हणवत नाही, पण माझा कल खोपीकडे. शेजारच्या बोरिवलीचे नाव बोरींवरून आले असे सांगतात. पुढची 'वली' म्हणजे जुनी पल्ली, वस्ती.

हा सारा मुलूख साष्टीचा. साष्टी म्हणजे षट्षष्टी, सहासष्ट गावे, अशी समजूत आहे. गंमत अशी की गोव्याच्या सासष्टीबद्दलही हेच सांगतात! साष्टी १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली, १७३७ साली मराठ्यांनी घेतली, १७७४ साली इंग्रजांनी. तिचे नाव काही कुणाला पुसता आले नाही.

नावे किती टिकतात? कान्हेरीला यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला एक शिलालेख आहे. कल्याणच्या एका व्यापाऱ्याने भिक्षुसंघाला मंगलठाण गावातले शेत दिले, असे त्यात कोरले आहे. हे मंगलठाण म्हणजेच बोरिवलीजवळचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. म्हणजे सतराशेहून अधिक वर्षे झाली. शेत गेले, नाव राहिले.

चारकोपात मात्र निराळेच घडले. जागतिक बँकेच्या कर्जातून १९८५ साली सुरू झालेल्या नागरी विकास योजनेत इथे भूखंड पाडून वसाहत उभी राहिली. हजारो कुटुंबांना घर मिळाले; त्याबद्दल तक्रार नाही. पण वस्तीला नावाऐवजी आकडे आले: सेक्टर एक, सेक्टर दोन. आकड्याला दंतकथा कशी चिकटणार?

गुरुजी, आपल्या गावीही रस्ता येईल, भूखंड पडतील. त्याआधी मुलांना वही देऊन म्हाताऱ्या माणसांकडे पाठवा. शेताला, बांधाला, ओहोळाला, पाणवठ्याला काय म्हणतात ते लिहून घ्या. सांगणाऱ्याची गोष्ट खोटी वाटली तरी खोडू नका. त्याच्याच शब्दांत उतरवा, आणि शेजारी सर्व्हे नंबर टाका.